९९,९९० चा गेमिंग लॅपटॉप ६१,९९० ला मिळतोय, घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका गृहस्थांच्या मुलाला शहरातच मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे आणि त्याला गेमिंग लॅपटॉप हवा आहे. दुकानदाराने दाखवलेल्या मशीनमध्ये कोअर आय-५ १२४५०एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० चं ४ जीबी ग्राफिक्स, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) स्क्रीन आहे. छापील किंमत ९९,९९०, सवलतीत ६१,९९०. "शेवटचे दोन पीस आहेत, सोमवारपासून भाव वाढणार," असंही त्याने सांगितलंय. त्याच दुकानात ७५,९९० ला दुसरं मशीन आहे: कोअर आय-५ १३४५०एचएक्स, आरटीएक्स ४०५० चं ६ जीबी ग्राफिक्स, १६ जीबी रॅम. बजेट ६५ हजारांचं. मुलगा व्हॅलोरंट आणि जीटीए-५ खेळतो, पुढे नवे गेमही खेळायचे आहेत. वडील विचारतात, ३८ हजारांची सूट हातची जाऊ द्यायची का?

जाऊ द्या. या भावात ते मशीन घेऊ नका. गेली कित्येक वर्षं मी लॅपटॉप विकतो आणि दुरुस्तही करतो, त्यामुळे ही मशीनं खोक्यातून नवी निघतानाही बघतो आणि तीन वर्षांनी टेबलावर उघडी पडलेलीही बघतो. त्या अनुभवावरून कारणं सांगतो.

आधी ती ३८ हजारांची सूट डोक्यातून काढून टाका. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किती घेता येईल तो आकडा. कंपनी तो वर ठेवते, आणि त्या भावाने ते मशीन बहुधा पहिल्या दिवशीही विकलं जात नाही. मशीन बाजारात येतं तेव्हाच छापील किमतीपेक्षा बरंच खाली येतं, आणि पिढी जुनी झाली तरी खोक्यावरचा आकडा तोच राहतो. म्हणून सूट मोजायची तर ९९,९९० पासून मोजू नका. आज ६२ हजारांत बाजारात दुसरं काय मिळतंय आणि १४ हजार वाढवले तर काय मिळतंय, एवढ्याशीच तुलना करा. इंदूरच्याच सिल्व्हर मॉलमध्ये तीन-चार दुकानं फिरून, ऑनलाइन भाव बघून हे तासाभरात कळतं. "जीएसटी कमी झाला म्हणून स्वस्त" असं कुणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला बऱ्याच वस्तूंचे दर बदलले, पण लॅपटॉपवर आधीही १८ टक्के होता आणि नंतरही १८ टक्केच राहिला.

आता मशीनकडे वळू. आरटीएक्स ३०५० लॅपटॉपमध्ये आलं २०२१ साली आणि हा प्रोसेसर २०२२ चा. त्यानंतर ग्राफिक्सच्या दोन पिढ्या येऊन गेल्या, ४० ची मालिका आणि ५० ची. जुनं असणं हा काही गुन्हा नाही. व्हॅलोरंट आणि जीटीए-५ हे मशीन आरामात चालवेल. व्हॅलोरंट तर साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरही चालतो. अडचण आहे ती ४ जीबीची.

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी असते. गेममधल्या भिंती, रस्ते, कपडे, चेहरे यांची चित्रं तिच्यात भरून ठेवलेली असतात. ती भरली की उरलेलं साहित्य लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये जातं आणि प्रत्येक वेळी तिथून ओढून आणावं लागतं. तो रस्ता फार हळू आहे. मग होतं असं की सरासरी फ्रेम आकडा (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो) चांगला दिसतो, पण वळणावर गाडी वळवली की चित्र क्षणभर अडकतं. मुलं माझ्याकडे "प्रोसेसर खराब झाला" म्हणून येतात आणि बहुतेक वेळा कारण हेच निघतं. ग्राफिक्सची मेमरी नंतर वाढवता येत नाही, ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. २०२५ साली आलेल्या डूम: द डार्क एजेसने किमान अटीतच ८ जीबीचं ग्राफिक्स मागितलं. सगळेच गेम इतकं मागत नाहीत, पण दिशा तीच आहे. चार वर्षांच्या कोर्ससाठी ४ जीबीचं कार्ड घेणं म्हणजे दुसऱ्या वर्षापासून सेटिंग खाली-खाली आणत बसणं.

आणि ८ जीबी रॅम. पूर्वी मी सांगायचो की ८ वालं घ्या आणि नंतर एक पट्टी टाकून घ्या, स्वस्तात पडेल. आता तसं सांगत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. म्हणून ६१,९९० हा आकडा अपुरा धरा. त्यात आणखी ८ जीबीच्या पट्टीचा आजचा भाव मिळवा, आणि पट्टी डीडीआर-४ लागेल की डीडीआर-५ हे आधी विचारा, रॅमचे हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एकच पट्टी असली तर मेमरीचा एकच मार्ग चालतो आणि गेममध्ये फ्रेम पडतात, हेही लक्षात ठेवा. मेकॅनिकलला पुढे सॉलिडवर्क्स, अॅन्सिस हे डिझाइनचे जड प्रोग्राम येणार. सॉलिडवर्क्सची कंपनीच १६ जीबी किंवा जास्त सांगते. म्हणजे अभ्यासासाठीसुद्धा १६ जीबी लागणारच.

तर हिशोब असा बसतो. दोन मशीनमधलं अंतर १४ हजार दिसतं, पण पट्टीचे पैसे पहिल्यात मिळवले की ते बरंच कमी होतं. पूर्ण १४ हजार धरले तरी चार वर्षांवर पसरल्यावर महिन्याला ३०० रुपयांच्या आत येतात. त्यात दीडपट ग्राफिक्स मेमरी मिळते, आठऐवजी दहा कोअरचा प्रोसेसर मिळतो आणि ४० च्या मालिकेबरोबर आलेलं फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डाने स्वतः तयार करणं) मिळतं, जे ३०५० ला नाही. चार वर्षांनी विकायला काढलं तर भावही बरा येईल.

पण ४०५० वालंही डोळे मिटून घेऊ नका. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लॅपटॉपच्या ग्राफिक्सचं नाव एक असलं तरी ताकद एक नसते. ती ठरते लॅपटॉप बनवणारी कंपनी त्या चिपला किती वॅट वीज घेऊ देते यावर. ३०५० साठी हा पल्ला ३५ पासून ८० वॅटपर्यंत आहे आणि ४०५० साठी ३५ पासून ११५ वॅटपर्यंत. पातळ बॉडीत घालून ४५ वॅटवर बांधलेलं ४०५० आणि जाड बॉडीतलं ९५ वॅटचं ४०५० यांच्या कामात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. खोक्यावर मात्र दोन्हीकडे तेच नाव.

हे दुकानात तपासता येतं. डेमो मशीन चालू करा, एनव्हिडिया (आरटीएक्स बनवणारी कंपनी) कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात सिस्टीम इन्फॉर्मेशनमध्ये जा. तिथे मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर अशी ओळ असते आणि समोर वॅट लिहिलेले असतात. मेमरी किती आहे तेही तिथेच दिसतं. डेमो मशीन नसेल तर अॅडॅप्टर हातात घ्या आणि उलटा करून लेबल वाचा. आउटपुटपुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. २० व्होल्ट गुणिले ९ अँपिअर म्हणजे १८० वॅट. १९.५ गुणिले ७.७ म्हणजे साधारण १५० वॅट. एचएक्स प्रोसेसर आणि ४०५० एकत्र असलेल्या मशीनबरोबर १५० वॅटचा अॅडॅप्टर दिसला तर समजा की ग्राफिक्सला पूर्ण जोर मिळणार नाही. मी ८० वॅटच्या खालचं ४०५० या भावात घेऊ देणार नाही.

मग स्क्रीन. १४४ हर्ट्झ हा आकडा सगळेच ओरडून सांगतात, पण स्वस्त मशीनमध्ये पैसे वाचवले जातात ते रंगांवर. माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी (रंगांचं माप) आणि २५० निट्स (उजेडाचं माप) लिहिलं असेल तर तो फिका पडदा. १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) लिहिलं असेल तर चांगला. वाचून कळत नसेल तर मोबाइलमधला घरचा एखादा फोटो उघडून बघा, ज्यात कुंकू किंवा लाल पैठणी आहे. फिक्या पडद्यावर कुंकू शेंदरी दिसतं. चिरंजीव चार वर्षं रोज याच पडद्याकडे बघणार आहेत, तेव्हा ही पाच मिनिटं नक्की द्या. एकाच नावाच्या मशीनच्या दोन कोडांत पडदा वेगळा असतो, म्हणून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल कोड फोनमध्ये टिपून घ्या आणि घरी येऊन कंपनीच्या साइटवर तोच कोड बघा. "व्हिक्टस" (एचपीची मालिका) किंवा "एलओक्यू" (लेनोवोची) एवढ्या नावावरून काहीच ठरत नाही.

बॅटरीबद्दल स्पष्ट सांगतो. एचएक्स प्रोसेसर हा मुळात डेस्कटॉपचा गाभा लॅपटॉपमध्ये बसवलेला असतो. तो जोरदार आहे, पण वीज पितो. कॉलेजात दिवसभर चार्जरशिवाय चालवायचा बेत असेल तर कुठलंच गेमिंग मशीन पुरणार नाही. मशीन सव्वादोन-अडीच किलोचं, वर विटेसारखा अॅडॅप्टर. मुलाने हे वजन पाठीवर घेऊन सिटी बसने जायचं आहे की मशीन घरीच राहणार आहे, हे आज त्याच्याशी बोलून घ्या. कॉलेज गावातच आहे आणि मशीन घरीच राहणार असेल तर डेस्कटॉपचाही भाव काढून बघा. तेवढ्याच पैशांत तो जास्त काम देतो, थंड राहतो आणि पुढे एक-एक भाग बदलता येतो.

उन्हाळ्याचा विचार इंदूरमध्ये करावाच लागतो. बहुतेक कंपन्या चालवण्यासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४० च्या वर जातं. माळव्याची हवा सुखद म्हणतात ती संध्याकाळपुरती. त्या दुपारी वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत गेम लावला तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, आणि मग ४०५० घेतलं काय नि ३०५० घेतलं काय. म्हणून पातळ आणि देखण्या मशीनपेक्षा जाड, मागे मोठ्या जाळ्या असलेलं, दोन पंख्यांचं मशीन निवडा. गादीवर, रजईवर ठेवून खेळू देऊ नका, खालून हवा घेण्याच्या फटी बंद होतात. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, ओलसर हवेने आतली धूळ चिकटून बसते. माझ्याकडे "गरम होतो" म्हणून आलेली मशीनं उघडली की पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पात्यांवर धुळीचा थर पक्का बसलेला असतो. पंखा फिरत असतो, हवाच बाहेर पडत नसते. वर्षातून एकदा, होळीनंतर आणि उन्हाळा तापण्याआधी, साफ करून घ्या.

आता "शेवटचे दोन पीस" याकडे. जुना साठा संपवायचा असतो हे खरंच असतं, दुकानदार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. पण जुना साठा म्हणजे खोक्यात पडून राहिलेली बॅटरी. लिथियमची बॅटरी बराच काळ कमी चार्जवर पडून राहिली तर तिची क्षमता घटते. खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापावं लागतं, ते वाचा. दीड-दोन वर्षं जुनं असेल तर आणखी भाव कमी करायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दाखवते तेही खोकं फोडण्याआधी बघा. कधीकधी वॉरंटी आधीच चालू झालेली असते. तसं दिसलं तर बिलाच्या तारखेपासून वॉरंटी धरून घेण्याचं काम दुकानदारानेच करून द्यायचं, आणि ते झाल्यावरच पैसे.

पीस डिस्प्लेचा, म्हणजे दुकानात मांडून ठेवलेला असेल तर वेगळी तपासणी लागते. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे दिसतात. दुसरा पहिल्याच्या ९० टक्क्यांखाली असेल तर ते मशीन नवं म्हणून विकू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्राममध्ये एसएसडी किती तास चालली आहे ते दिसतं. नव्या मशीनमध्ये तो आकडा अगदी लहान असतो. शेकड्यांत असेल तर ते कुठेतरी वापरलं गेलं आहे.

हप्त्यांबद्दल. दुकानात "नो-कॉस्ट ईएमआय" म्हणतील. २०१३ सालीच रिझर्व्ह बँकेने बँकांच्या शून्य टक्के योजनांना मनाई केली आहे, त्यामुळे व्याज असतंच. ते आधी सूट म्हणून वजा दाखवतात आणि नंतर हप्त्यात वसूल करतात. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. ७५ हजारांचे १२ हप्ते आणि १५ टक्के दर धरला तर हा जीएसटी हजार रुपयांच्या आसपास येतो, वर प्रोसेसिंग फी. रक्कम फार मोठी नाही, हप्ते सोयीचे असतील तर घ्या. मात्र "रोख दिले तर किती?" हे आधी विचारा. रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव यांत दोन-तीन हजारांचा फरक निघाला तर हप्ता खरा महाग आहे.

बाजारात फिरताना आणखी काही नावं पुढे येतील. आरटीएक्स २०५० म्हणून दाखवतील, त्यातही ४ जीबीच, आणि मेमरीचा मार्ग ६४ बिटांचा, म्हणजे ३०५० च्या निम्मा. ते घेऊ नका. रायझेन ७ ७४३५एचएस स्वस्तात दिसेल. आठ कोअर आहेत, कामाला चांगला, पण त्याच्यात आतलं साधं ग्राफिक्स नाही, त्यामुळे नोट्स लिहितानासुद्धा मोठं कार्ड चालू राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. मशीन कायम प्लगवरच राहणार असेल तर चालेल. रायझेनच्या ७ ने सुरू होणाऱ्या चार आकडी नावातला तिसरा आकडा बघायची सवय लावा: ७५३५ मधला ३ म्हणजे आतली रचना जुनी, ७८४० मधला ४ म्हणजे नवी.

आरटीएक्स ५०५० चा भाव मात्र नक्की काढा. २०२५ च्या मध्यात आलेलं हे कार्ड ८ जीबीचं आहे. ४०५० आणि ५०५० मध्ये पाच-सहा हजारांचंच अंतर निघालं तर माझा कौल ५०५० ला, त्या जास्तीच्या २ जीबीसाठी.

आणि ६५ च्या पुढे जाणं खरंच शक्य नसेल तर? बजेट हे बजेट असतं. मुलाच्या हौसेसाठी घरचं गणित बिघडवा असं मी सांगणार नाही. तेव्हा ३०५० चंच, पण ६ जीबीचं मशीन शोधा, १६ जीबी रॅमसकट. हे कार्ड २०२३ च्या सुमारास आलं, ६५ च्या अलीकडे-पलीकडे ते मिळतंय का बघा. मॉडेल कोड नीट बघा, कारण ४ आणि ६ जीबीची दोन्ही मशीनं शेजारी-शेजारी एकाच नावाने मांडलेली असतात. पहिल्या वर्षाला तर ड्रॉइंग आणि ऑटोकॅडचं साधं द्विमितीय काम असतं, त्याला ग्राफिक्स लागतच नाही. म्हणून सहा महिने थांबून पैसे जोडले तरी अभ्यासाचं काही अडत नाही. रॅमच्या भावांमुळे थांबल्याने स्वस्त मिळेलच याची खात्री मात्र देत नाही.

खरेदीच्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन जा. खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा. "मी सगळं टाकून देतो" म्हणत दुकानातला पोरगा पेनड्राइव्ह लावायला आला तर थांबवा. विंडोज ११ मशीनबरोबरच येतं आणि बऱ्याच मशीनबरोबर ऑफिसही येतं. ते ठरलेल्या मुदतीत स्वतःच्या खात्यावर चालू करायचं असतं. बाहेरचं ऑफिस टाकलं की आतलं तसंच वाया जातं. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर पूर्ण मॉडेल कोड आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो नंबर मशीनच्या तळाशी असलेल्या नंबराशी तिथल्या तिथे जुळवा.

आणि सोमवारच्या आत दुकानदाराचा फोन आला तर त्या १२४५०एचवाल्या मशीनसाठी एकच आकडा सांगा: दुसरी ८ जीबीची पट्टी टाकून, खोक्यावरची तारीख दाखवून, वॉरंटी बिलाच्या दिवसापासून धरून, ५२ हजार. त्या भावात ते व्हॅलोरंट आणि कॉलेजसाठी ठीक मशीन आहे. त्याच्या वर एक रुपयाही मागितला तर ७५,९९० वाल्याचे वॅट तपासायला घ्या.